भोवरा आणि त्याचा सोबती

सप्तर्षींपैकीं अगदीं शेवटच्या मरीचीच्या जवळ, नुसत्या डोळ्यांस न दिसणारा एक अंधुक तेजोमेघ आहे. १७७३ च्या आक्टोबरांत पॅरिस येथें चार्ल्स मेसिए यानें तो प्रथम पाहिला. धूमकेतूंचा भ्रम उत्पन्न करणाऱ्या तेजोमेघांची जी यादी त्यानें केली, तींत याचा क्रमांक ५१ वा. १७८१ सालीं मेशँ या ज्योतिष्यास त्याच्या शेजारीं दुसरा एक लहान ठिपका आढळला. ही जोडी माणसाच्या दृष्टीस पडली ती अशी. परंतु तिचें परस्पर नातें उमगावयास पुढें जवळजवळ दोनशें वर्षें लागलीं.

१८४५ च्या वसंतांत आयर्लंडमधील लॉर्ड रॉस यानें आपल्या बर येथील वाड्याच्या आवारांत उभारलेली दुर्बीण या तेजोमेघाकडे वळविली. तिचा धातूचा आरसा सहा फूट रुंद होता. तेवढी मोठी दुर्बीण त्या काळीं जगांत दुसरी नव्हती. डोळ्यांनीं पाहावें आणि हातानें रेखाटावें, एवढाच मार्ग तेव्हां उपलब्ध होता. रॉसच्या चित्रांत धुक्याच्या जागीं भोवऱ्यासारखे वळत गेलेले बाहू उमटले, आणि त्यांतील एक थेट लहान सोबत्यापर्यंत पोंचलेला दिसला.

हे तेजोमेघ म्हणजे काय, हें मात्र रॉसला ठाऊक असणें शक्य नव्हतें. १९२३-२४ सालीं हबल यानें देवयानींतील तेजोमेघाचें अंतर काढलें, तेव्हां असे भोवरे आपल्या आकाशगंगेबाहेरील स्वतंत्र तारकासमूह, म्हणजे दीर्घिका, आहेत हें निश्चित झालें. मेसिएची ही जोडी आपणांपासून दोन-तीन कोटी प्रकाशवर्षें दूर आहे.

मग प्रश्न उरला तो त्या बाहूचा. सोबत्याच्या आकर्षणानें तो ओढला गेला असेल काय? १९४१ सालीं स्वीडनमध्यें होल्मबर्ग यानें एक चतुर युक्ति योजिली. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत गुरुत्वाकर्षण घटतें, तसाच प्रकाशही घटतो. म्हणून त्यानें प्रत्येक दीर्घिकेसाठीं ३७ दिवे मांडले, आणि जागोजागचा प्रकाश मोजून ते दिवे तो क्रमाक्रमानें सरकवीत गेला. तरीही पुढें कित्येक जाणत्यांस शंका होतीच: भरतीओहोटीच्या ओढीनें पसरट फुगवटे यावेत, असे सडपातळ बाहू कसे निघतील?

१९७२ सालीं एस्टोनियांत जन्मलेल्या आलार व युरी टूमरे या बंधूंनीं अमेरिकेंत संगणकावर हें गणित मांडलें. एक दीर्घिका दुसरीच्या जवळून गेली, कीं अलीकडच्या अंगास पूल व पलीकडच्या अंगास शेंपूट निघतें, आणि तेंही सडपातळ, असें त्यांनीं केवळ गुरुत्वाकर्षणाच्या आधारें दाखविलें. मेसिएची जोडी त्यांच्या उदाहरणांपैकींच एक होती.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. बाहू सोबत्यास भिडलेला दिसतो, पण सोबती आहे मागें. बाहूंतील धुळीचा काळा पट्टा त्याच्या अलीकडून जातो. म्हणजे डोळ्यांस जो स्पर्श भासला तो खरा नव्हे. नातें मात्र खरें होतें. आकाश आपणांस एकाच क्षणाचें चित्र देतें. त्यामागील कोट्यवधि वर्षांची हालचाल गणितानेंच उभी करावी लागते. परंतु जें दिसलें तें इमानानें रेखाटून ठेवणारा कोणी आधीं भेटला नसता, तर गणितास सोडवावयास प्रश्न तरी कोठून मिळाला असता?