संगणकावरचा मध्यडाव आणि करवीरचे सागरी दार

कोल्हापूर : पटावरील खेळांत बुद्धिबळाला जो मान आहे, तोच मान संगणकावरील राज्यविस्ताराच्या खेळांत 'सिव्हिलायझेशन' या मालिकेला मिळाला आहे. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी घडवलेला तिचा पहिला खेळ १९९१ साली 'मायक्रोप्रोझ' कंपनीने बाजारात आणला. पुढे २००१, २००५, २०१० आणि २०१६ साली अनुक्रमे तिसरी, चौथी, पाचवी व सहावी आवृत्ती आली. सातवी आवृत्ती फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. याच धर्तीचा, विनामूल्य मिळणारा 'फ्रीसिव्ह' हा खेळ १९९६ पासून उपलब्ध असून त्याची सुरुवात डेन्मार्कमधील आर्हुस विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी केली.

हा खेळ पाळीपाळीने खेळावयाचा असतो. खेळाडूने आपली पाळी पूर्ण केल्याखेरीज काळ पुढे सरकत नाही. इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी एका वसाहतीपासून आरंभ करून शेती, लेखन, नौकानयन, छपाई, वाफेचे इंजिन अशा पायऱ्या चढत राज्य आधुनिक काळापर्यंत न्यावे लागते. या प्रकारच्या खेळांची चार अंगे मानली जातात : शोध, विस्तार, साधनसंपत्तीचा वापर आणि प्रतिस्पर्ध्याचा उच्छेद. डावाचा आरंभ शोधाचा व शेवट बहुधा संघर्षाचा असतो. मात्र डावाचा निकाल पुष्कळदा मधल्या टप्प्यातच ठरून जातो. हा टप्पा म्हणजे मध्यडाव. स्वतःच्या खंडावरील मोकळी जमीन संपत आलेली असते आणि समुद्रापलीकडे काय आहे, हे अद्याप ठाऊक नसते. अशा वेळी राज्यकर्त्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. आणखी किती पसरायचे? आणि समुद्र केव्हा ओलांडायचा?

विस्ताराची किंमत

नवखा खेळाडू दिसेल तेथे नगर वसवत सुटतो. खेळाच्या रचनाकारांनी या हव्यासाला प्रत्येक आवृत्तीत निराळा लगाम घातला आहे. चौथ्या आवृत्तीत प्रत्येक नगराचा देखभाल खर्च तिजोरीवर पडतो. नगरांची संख्या वाढेल आणि राजधानीपासूनचे अंतर वाढेल, तसा हा खर्च वाढत जातो. नगरात न्यायालय बांधले की तो निम्म्यावर येतो. याच आवृत्तीला २००७ साली जोडलेल्या विस्तारसंचात परखंडातील वसाहतींवर जादा खर्चाचा बोजा टाकण्यात आला. तो पेलेनासा झाल्यास वसाहतींना स्वातंत्र्य देऊन त्यांचे मांडलिक राज्य करण्याची सोयही तेथे आहे.

पाचव्या आवृत्तीत लगाम प्रजेच्या नाराजीचा आहे. प्रत्येक नव्या नगरागणिक असंतोष वाढतो आणि तो मर्यादेबाहेर गेला की लोकसंख्येची वाढ खुंटते. सहाव्या आवृत्तीत २०१८ च्या विस्तारसंचाने 'निष्ठा' हे माप आणले. परक्या लोकवस्तीच्या शेजारी, मूळ राज्यापासून दूर वसवलेले नगर काही पाळ्यांतच बंड करून उठू शकते. सातव्या आवृत्तीत किती वसाहती सुखाने सांभाळता येतील, याची मर्यादाच ठरवून दिलेली आहे.

या सर्व नियमांचे तात्पर्य एकच : जिंकणे सोपे आणि राखणे कठीण. मध्यडावात नगर वसवण्यापूर्वी त्याने तिजोरीत काय पडेल आणि किती पाळ्यांनंतर पडेल, याचा हिशेब मांडावा लागतो. नवे धान्य, लोखंड, घोडे वा बंदर हाती येत नसेल, तर केवळ नकाशा रंगवण्यासाठी वसवलेले नगर राज्याला ओढ लावते.

समुद्र ओलांडताना

आरंभीच्या वल्हवायच्या नावा किनाऱ्याची कास सोडू शकत नाहीत. चौथ्या आवृत्तीत 'ऑप्टिक्स' म्हणजे प्रकाशशास्त्राचे ज्ञान मिळाल्यावर 'कॅराव्हेल' हे गलबत बांधता येते. ते खोल समुद्रात जाते; पण त्यातून सैन्य वा वसाहतकरी नेता येत नाहीत, शोधक किंवा धर्मप्रसारक मात्र जाऊ शकतो. सैन्य वाहून नेणारे 'गॅलियन' हे मोठे जहाज त्यानंतर, खगोलशास्त्राच्या शोधाने मिळते. महासागरापलीकडील नगरांशी व्यापारी मार्गही तेव्हाच खुले होतात. दुसऱ्या खंडाशी होणारा व्यापार शेजारच्या नगराशी होणाऱ्या व्यापारापेक्षा अधिक लाभ देतो.

कॅराव्हेल आणि गॅलियन यांच्यामधील हा अवधी चतुर खेळाडूला सोन्यासारखा वाटतो. या काळात माणसे भेटतात, पण कोणी कोणावर चालून जाऊ शकत नाही. जो पहिल्याने पलीकडे पोहोचतो, तो दोन खंडांमधला दलाल होतो. एका खंडावरील विद्या दुसऱ्या खंडावर देऊन तेथील विद्या घेता येते. नकाशांची देवघेव करता येते. पृथ्वीप्रदक्षिणा सर्वप्रथम पुरी करणाऱ्या राज्याच्या जहाजांचा वेग कायमचा वाढतो आणि त्यासाठी इतरांकडून मिळवलेले नकाशेही उपयोगी पडतात. पाचव्या आवृत्तीत तर सर्व राज्यांची ओळख करून घेऊन छपाईयंत्राचा शोध लावणारा पहिला खेळाडू जागतिक परिषदेचा यजमान ठरतो.

पोर्तुगीजांची बाजू घेऊन खेळणाऱ्याला चौथ्या आवृत्तीत एक खास सवलत आहे. त्यांचे 'कॅरॅक' हे गलबत कॅराव्हेलच्याच काळात मिळते, पण त्यातून सैनिक व वसाहतकरीही नेता येतात. त्यांच्या नगरांत जकातगृहाच्या जागी 'फैतोरिया' म्हणजे वखार उभी राहते. मराठी वाचकाला या शब्दापाशी थबकावे लागते. संगणकाच्या पडद्यावर ज्या गलबतांतून खेळाडू निघतो, त्याच गलबतांची वाट आपल्या किनाऱ्याने पाहिली आहे. येथे संपर्क साधणारे दुसरे होते.

करवीरचा जुना सागरी संबंध

कोल्हापूर हे घाटमाथ्यावरचे शहर. रत्नागिरीचा किनारा येथून रस्त्याने सुमारे १३० किलोमीटर. तरीही समुद्राशी या नगरीचे नाते फार जुने आहे. पंचगंगेच्या काठावरील ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात कांस्यवस्तूंचा एक संचय सापडला. त्यात ग्रीकांचा सागरदेव पोसायडन याची छोटी मूर्ती होती. डॉ. ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ साली येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले आणि सातवाहनकालीन समृद्ध वसाहतीचे पुरावे हाती आले. पोसायडनची मूर्ती शहरातील टाऊन हॉल संग्रहालयात आहे.

मोसमी वाऱ्यांच्या आधारे रोमन साम्राज्याच्या अमलाखालील इजिप्तमधून येणारी जहाजे कोकणच्या बंदरांना लागत आणि तेथून घाटवाटांनी माल वर चढे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात कल्याण, पैठण व तेर यांचे उल्लेख येतात. खेळाच्या भाषेत सांगायचे, तर हा दोन्ही बाजूंना लाभ देणारा व्यापारी मार्ग होता. त्याच्या मागे सैन्य आले नाही.

वखारीच्या तोफा

दुसरा संपर्क निराळा होता. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतील इंग्रज व्यापारी हेन्री रेव्हिंग्टन याच्यासह आपल्या तोफा व दारूगोळा घेऊन घाट चढून आले आणि त्यांनी गडावर मारा केला. शिवाजी महाराज जुलै १६६० मध्ये वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले. पुढच्याच वर्षी त्यांनी राजापूरवर चाल करून इंग्रजांची वखार लुटली व वखारवाल्यांना कैदेत टाकले. या लुटीच्या भरपाईची बोलणी इंग्रज पुढे वर्षानुवर्षे करीत राहिले. १६७४ साली राज्याभिषेकप्रसंगी हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला, तेव्हाही तो विषय होताच.

किनाऱ्यावर वखार घालू दिलेला परका केवळ व्यापारी राहत नाही, हा धडा महाराजांनी अचूक घेतला. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. फेब्रुवारी १६६५ मध्ये मराठी आरमार कर्नाटक किनाऱ्यावरील बसरूरपर्यंत जाऊन आले. मध्यडावात जे करावयास हवे, ते येथे प्रत्यक्षात घडले : बंदर, तटबंदी आणि जहाजे यांवर वेळेत केलेला खर्च.

मालवण हातचे गेले तेव्हा

१३ एप्रिल १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा व कोल्हापूर या दोन गाद्यांच्या सीमा ठरल्या. वारणेच्या दक्षिणेकडील मुलुखाबरोबर दक्षिण कोकणातील भागही करवीरकर छत्रपतींकडे आला. सिंधुदुर्ग व मालवण बंदर ही करवीर राज्याची समुद्रावरची बाजू ठरली. घाटमाथ्यावरच्या या राज्याला सागरी दार मिळाले होते. परंतु ते दार सांभाळण्याचा खर्चही त्यासोबत आला होता. शेजारी सावंतवाडीकर, वर पटवर्धन आणि पेशवे, समुद्रात इंग्रज व पोर्तुगीज अशी चहूबाजूंची ओढाताण होती.

मालवणची गलबते इंग्रजांच्या व्यापारी जहाजांवर छापे घालीत. इंग्रजांच्या लेखी ही चाचेगिरी होती. करवीरच्या बाजूने पाहता आपल्या पाण्यातून जाणाऱ्यावर हक्क सांगण्याचा तो प्रकार होता. १७६५ साली, जिजाबाई राणीसाहेब कारभार पाहत असताना, मुंबईकर इंग्रजांनी आरमार पाठवून सिंधुदुर्ग घेतला आणि त्याचे नाव 'फोर्ट ऑगस्टस' ठेवले. पुढे अटी घालून तो करवीरला परत करण्यात आला. १७९२ च्या करारान्वये १७८५ पासूनच्या नुकसानीची भरपाई देण्याचे आणि मालवण व खुद्द कोल्हापूर येथे इंग्रजांना वखारी घालू देण्याचे मान्य करावे लागले. अखेर १८१२ च्या तहाने मालवण इंग्रजांच्या स्वाधीन झाले. चिकोडी-मनोळीवरचा हक्कही सोडावा लागला. बदल्यात परचक्रापासून संरक्षणाची हमी मिळाली; पण अन्य राज्यांशी युद्ध न करण्याचे आणि तंटे इंग्रजांच्या निवाड्यास सोपवण्याचे बंधनही आले.

या मालिकेच्या चौथ्या आवृत्तीत २००६ च्या विस्तारसंचाने मांडलिकत्वाचा नियम आणला. मांडलिक राज्य आपल्या इच्छेने युद्ध पुकारू शकत नाही; त्याबद्दल त्याला धन्याचे संरक्षण मिळते. १८१२ च्या तहाची कलमे वाचणाऱ्यास हा नियम ओळखीचा वाटावा.

खेळात सावधपणे खेळणाऱ्याला येथे एक नेमका बोध सापडतो. करवीरकडे बंदर होते, दुर्ग होता, दर्यावर्दी माणसे होती. उणीव होती ती या सर्वांना पोसणाऱ्या उत्पन्नाची आणि शेजाऱ्यांशी शांततेची. घाटावर एकामागून एक लढाया चालू असताना सागरी दार राखणे शक्य झाले नाही. जमिनीवर दोन आघाड्या उघड्या ठेवून समुद्रात तिसरी उघडू नये, असे जाणते खेळाडू सांगतात, ते याच कारणासाठी.

खेळ कोठे अपुरा पडतो

या खेळाचा गुण असा, की तो भूगोल, खर्च आणि वेळ यांचा परस्परसंबंध डोळ्यांपुढे उभा करतो. त्याचा दोषही सांगितला पाहिजे. चौथ्या आवृत्तीतील 'टेरा' नावाच्या नकाशावर सर्व राज्ये जुन्या जगात सुरू होतात. नवे जग असते ते रानटी टोळ्यांचे, म्हणजे ज्यांच्याशी बोलणीच करता येत नाहीत अशांचे. सातव्या आवृत्तीतही 'शोधयुगा'त दूरच्या भूमीवरून खजिन्याची जहाजे मायदेशी आणल्यास आर्थिक प्रगतीचे गुण मिळतात. त्या भूमीवर कोण राहत होते आणि खजिना गेल्यावर त्यांचे काय झाले, हा हिशेब गुणतक्त्यात दिसत नाही. ज्या प्रदेशाने वखार येताना पाहिली आणि पाठोपाठ तहनामा येतानाही पाहिला, तेथील खेळाडूने ही त्रुटी ध्यानात ठेवून खेळावे.

इतिहासात मध्यडाव संपल्याची घोषणा होत नाही. मालवण सुटल्यावरही कोल्हापूरचा सागराशी संबंध निराळ्या रूपात चालू राहिला. छत्रपती राजाराम महाराज १८७० साली युरोपच्या प्रवासाला गेले आणि परतताना इटलीतील फ्लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. आर्नो नदीकाठी त्यांचे स्मारक आहे. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली राज्यारोहण समारंभासाठी लंडनला गेले. दुसऱ्या महायुद्धात वळिवडे येथे हजारो पोलिश निर्वासितांना आसरा मिळाला. या तिन्ही प्रसंगांत कोणाचा मुलुख कोणी जिंकला नाही.

सुट्टीच्या दिवशी संगणकापुढे बसून खंडामागून खंड रंगवणाऱ्या मुलांना पालकांनी एकदा टाऊन हॉल संग्रहालयातील पोसायडनपाशी आणि एकदा सिंधुदुर्गाच्या तटावर नेऊन आणावे. गलबताच्या डोलकाठीवरून दिसणारा किनारा आणि किनाऱ्यावरून दिसणारे गलबत यांतला फरक तेथे उभे राहिल्यावर सहज कळतो.