नसलेल्या सोयींची बखर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि तुलनेनं नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे वास्तुविशारद, स्थापत्य अभियंते आणि ड्राफ्ट्समन यांच्या लहान लहान कार्यालयांत, माझ्याही, सध्या एकच चर्चा ऐकू येते. नवं यंत्र घ्यायचंच आहे तर मॅक का घेऊ नये? किंवा आहे त्याच यंत्रावर लिनक्स का घालू नये? त्यामागून ठरलेला प्रश्न येतो : तिकडे गेलो तर ऑटोकॅडमध्ये काय काय मिळणार नाही? मग उणिवांची यादी शोधली जाते, नोंदी मोजल्या जातात आणि आकडा मोठा दिसला की विषय मिटतो.

ही यादी मोजण्याआधी वाचायला हवी, असं मला वाटतं. तिच्यातल्या बहुतेक नोंदींना जन्मसाल आहे. ती सालं ओळीनं मांडली की उणिवांची यादी राहत नाही, एका बारा-तेरा वर्षांच्या काळाची बखर समोर येते.

सुरुवात १९८२ पासून करावी लागते. त्या वर्षाच्या आरंभी जॉन वॉकर यांनी कॅलिफोर्नियातल्या मिल व्हॅलीत ओळखीचे प्रोग्रामर गोळा केले आणि त्यातून ऑटोडेस्क ही कंपनी उभी राहिली. कंपनीला नाव मिळालं ते कार्यालयीन कामाच्या एका नियोजित प्रोग्रामवरून. चाललं मात्र दुसरंच काही. माइक रिडल यांचा 'इंटरॅक्ट' हा आरेखनाचा प्रोग्राम मंडळींच्या हाती होता. त्यावरून ऑटोकॅड घडलं, नोव्हेंबरात लास व्हेगासच्या कॉमडेक्स प्रदर्शनात दाखवलं गेलं आणि डिसेंबरात विक्रीला आलं. त्या काळी संगणकावरचं आरेखन म्हणजे लाखभर डॉलरच्या यंत्रसामग्रीचं काम होतं. ऑटोकॅड हजार डॉलरला, टेबलावर मावणाऱ्या यंत्रावर चालत होतं.

इथे महत्त्वाची गोष्ट अशी की ते कुठल्या एका यंत्राचं म्हणून जन्माला आलं नाही. सीपी/एम प्रणालीच्या ८-बिटी यंत्रांसाठी एक आवृत्ती होती, आयबीएम पीसीच्या घराण्यातल्या यंत्रांसाठी दुसरी. कोणतं यंत्र टिकेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळीकडे चालणं हीच व्यापाराची युक्ती होती. पुढे सन, अपोलो, डेक यांची वर्कस्टेशनं आली, मॅकिंटॉशही आला. एका यंत्रावरचं ड्रॉइंग दुसऱ्यावर नेता यावं म्हणून डीएक्सएफ हा खुला फाइल-प्रकार पहिल्याच आवृत्तीपासून दिलेला होता. १९८६ मध्ये ऑटोलिस्प ही छोटी भाषा आली. ड्राफ्ट्समनला स्वतःच्या आज्ञा लिहिता येऊ लागल्या. जिन्याच्या पायऱ्या मोजणारी, खोल्यांची क्षेत्रफळं लिहिणारी, खिडक्यांचा तक्ता काढणारी दहा-वीस ओळींची रुटीनं कार्यालयाकार्यालयांत तयार झाली.

मग वाट अरुंद होत गेली. नोव्हेंबर १९९४ मध्ये रिलीज १३ निघाली ती डॉस, विंडोज आणि युनिक्ससाठी. मॅकचा प्रवास रिलीज १२ वरच थांबला. रिलीज १३ जड आणि चुकांनी भरलेली ठरली. अनेक कार्यालयांनी तिच्याकडे पाठ फिरवून डॉसवरची १२ चालू ठेवली. १९९७ च्या फेब्रुवारीत आलेली रिलीज १४ वेगवान होती, लोकप्रिय झाली, पण ती फक्त विंडोजसाठी होती. डॉस गेलं, युनिक्स गेलं. सन वर्कस्टेशनवर काम उभारलेल्यांच्या हाती जुनी आवृत्ती आणि फाइली एवढंच उरलं. व्यापाराचा हिशेब समजण्यासारखा होता. डॉसच्या काळात प्रत्येक पडद्यासाठी, प्रत्येक प्लॉटरसाठी वेगळा ड्रायव्हर सांभाळावा लागे. विंडोजनं ते ओझं स्वतःकडे घेतलं.

पण एकाच घरात राहायचं ठरलं की माणूस भिंतीत खुंट्या ठोकतो. ऑटोकॅडनंही तेच केलं. रिलीज १४ च्याच काळात व्हीबीए आली, म्हणजे मायक्रोसॉफ्टचीच भाषा. तिच्यामुळे ड्रॉइंगमधली संख्या थेट एक्सेलमध्ये नेता येऊ लागली. ऑटोकॅड २००० सोबत व्हिज्युअल लिस्प आणि डिझाइनसेंटर आले. २००४ मध्ये टूल पॅलेट, २००५ मध्ये शीट सेट मॅनेजर, २००९ मध्ये ॲक्शन रेकॉर्डर. मध्येच डॉटनेटचा आधार मिळाला. एकेक सोय उपयुक्त होती आणि विंडोजवर उभी होती.

ऑक्टोबर २०१० मध्ये ऑटोकॅड मॅकवर परतलं. अमेरिकेतली किंमत विंडोजच्या आवृत्तीइतकीच ठेवली होती, ३,९९५ डॉलर. सोयी मात्र सारख्या नव्हत्या. शीट सेट मॅनेजर नाही, टूल पॅलेट नाहीत, डिझाइनसेंटर नाही, ॲक्शन रेकॉर्डर नाही, व्हीबीए नाही, डॉटनेट नाही, व्हिज्युअल लिस्पचा संपादक नाही. सारखीच किंमत मोजून कमी माल, अशी नाराजी झाली आणि ती रास्त होती.

आता या यादीसमोर वरची सालं ठेवून पाहा. मॅकवर जे नव्हतं ते बहुतांशी १९९७ नंतर जन्मलेलं होतं. जे होतं ते त्याआधीचं : रेषा, कंस, लेयर, ब्लॉक, आज्ञांची ओळ, ऑटोलिस्प आणि डीडब्ल्यूजी फाइल. गावाबाहेर गेलेला मुलगा परतावा आणि तो नसताना घरात झालेलं काहीच त्याला माहीत नसावं, तसं हे होतं. एक अपवाद सांगायला हवा. डायलॉग खिडक्या बांधायची डीसीएल ही सोय जुनी, रिलीज १२ च्या काळातली. तरी २०१० च्या मॅक-आवृत्तीत ती चालत नव्हती, कारण पडद्यावरची खिडकी शेवटी प्रणालीनंच काढायची असते. म्हणजे एखादी सोय किती जुनी आहे एवढं पाहून भागत नाही, ती प्रणालीच्या किती जवळ आहे हेही पाहावं लागतं.

काही वर्षं हा पेच टाळता येत होता. २००६ पासून मॅकमध्ये इंटेलचे प्रोसेसर आले आणि बूट कॅम्पनं त्याच यंत्रावर विंडोज चालवता येऊ लागलं. मॅक घेऊन आत विंडोजचं ऑटोकॅड वापरणारे पुष्कळ होते. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलनं स्वतःच्या चिपांचे मॅक आणले आणि त्यांच्यापुरती बूट कॅम्पची वाट बंद झाली. लिनक्सवर तर ऑटोकॅड कधी आलंच नाही. तिथे ब्रिक्सकॅड आहे, ते डीडब्ल्यूजी आणि लिस्प दोन्ही समजतं, पण व्हीबीए विंडोजवरच राहते. लिब्रेकॅड मोफत आहे, द्विमितीय कामाला चांगलं आहे, मात्र त्याची घरची भाषा डीएक्सएफ. ज्याला रोज डीडब्ल्यूजीची देवघेव करायची त्याला ते पुरत नाही.

तर मग तोलायचं कसं? मी माझ्या कार्यालयातली जुनी रुटीनं एकेक उघडून बघितली. बरीचशी साध्या ऑटोलिस्पमध्ये होती. ती कुठेही चालावीत. काहींमध्ये 'व्हीएलएएक्स'नं सुरू होणाऱ्या आज्ञा होत्या. त्या विंडोजच्या ॲक्टिव्हएक्सवर उभ्या असतात, म्हणून त्या रुटीनांपुढे फुली. दोन व्हीबीएमध्ये होती, दोन्ही एक्सेलला माप देणारी. शीट सेट मॅनेजरचा आम्ही फारसा उपयोग केलेला नाही, त्यामुळे यादीत सगळ्यांत ठळक दिसणारी ती उणीव आमच्यापुरती शून्य. शंभर-दोनशे शीटांचे प्रकल्प करणाऱ्या कार्यालयाला मात्र तीच एक उणीव नकार द्यायला पुरेल. यादी एकच, तोल दोन.

महाराष्ट्रात काम करणाऱ्याला आणखी दोन नोंदी कराव्या लागतात, आणि त्या कुठल्याही कंपनीच्या तक्त्यात सापडत नाहीत. पहिली परवानगीची. पुण्यात तयार झालेली ऑटोडीसीआर ही प्रणाली इमारतीची डीडब्ल्यूजी फाइल वाचून ती बांधकाम नियमांशी ताडून पाहते. त्यासाठी भिंत, मार्जिन, पार्किंग, जिना हे सगळं ठरलेल्या लेयरवर, ठरलेल्या पद्धतीनं लावून द्यावं लागतं, आणि ते लावून देणारं साधन विंडोजवरच्या ऑटोकॅडमध्ये बसतं. ड्रॉइंग मॅकवर कितीही सुबक निघालं तरी पालिकेच्या दारात जाताना विंडोजचं एक यंत्र लागतंच.

दुसरी नोंद अक्षरांची. युनिकोड रुळण्याआधी मराठी फाँटमध्ये देवनागरी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. जुन्या ड्रॉइंगांवर 'गट क्रमांक', 'शेजारील मालक', 'सार्वजनिक रस्ता' असं लिहिलेलं आहे ते अशाच फाँटांत. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की रेषा जशाच्या तशा येतात आणि मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. वीस वर्षांपूर्वीच्या मोजणीचा, हद्दीचा वाद उपटला तर नेमका तोच मजकूर हवा असतो.

माझ्या मते निर्णय घेण्याची रीत यातून निघते. स्वतःचं एक पूर्ण झालेलं काम निवडावं, फार नवं नको, फार जुनं नको. ते नव्या यंत्रावर उघडावं, त्यात एक खरा बदल करावा, क्षेत्रफळाचा तक्ता पुन्हा काढावा, छापावं आणि परवानगीच्या टप्प्यापर्यंत न्यावं. जिथे अडेल ती आपली उणीव. बाकीच्या नोंदी दुसऱ्या कुणाच्या आहेत. आमच्या कार्यालयापुरतं मी ठरवलं आहे ते असं : रेखाटनाची यंत्रं बदलतील, पण विंडोज ११ चं एक यंत्र परवानगीसाठी राहील, आणि जुन्या फाँटांतला मजकूर युनिकोडमध्ये आणल्याशिवाय आणि प्रत्येक ड्रॉइंगची पीडीएफ प्रत काढल्याशिवाय जुनं यंत्र बंद होणार नाही. १९९७ मध्ये युनिक्सवाल्यांना कुणी विचारलं नव्हतं. आपल्याला निदान तारीख आधी कळलेली होती.