क्लाराची वही, क्लाराची कमाई



आजच्या भागात आपण जर्मनीतल्या क्लारा शुमानची ओळख करून घेऊ. क्लारा पियानो वाजवायची आणि स्वतः संगीत रचायचीही. पियानोला आपल्या भजनातल्या पेटीसारख्याच काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात, पण आत भाता नसतो. तारा ताणलेल्या असतात. पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर बसते आणि सूर निघतो.

क्लारा १८१९ साली लाइपझिग शहरात जन्मली. वडील फ्रीडरिश वीक पियानो शिकवायचे आणि विकायचेही. आई गायिका होती. क्लारा पाच वर्षांची असताना आई-वडील वेगळे झाले आणि तिथल्या कायद्याप्रमाणे पोर बापाच्या ताब्यात गेली. चार वर्षांची होईपर्यंत ती बोलतच नव्हती. घरच्यांना वाटायचं, हिला ऐकूच येत नाही. पण पियानोवर बसवलं की पोरीचे हात चालायचे.

वडिलांनी तिच्या नावाने एक रोजनिशी सुरू केली. त्यात 'मी आज हे वाजवलं', 'मी आज असं वागले' असं लिहिलेलं असे, पण लिहिणारा हात बापाचा. पोरीचा 'मी'सुद्धा बापच लिहायचा! बाप वाईट गुरू होता असं नाही. त्याने तिला गाणं, व्हायोलिन, संगीतरचना असं सगळं शिकवलं. नवव्या वर्षी ती लोकांपुढे वाजवू लागली, सोळाव्या वर्षी तिने स्वतः रचलेली मोठी रचना वाद्यवृंदासोबत वाजवली. कार्यक्रमांचे पैसे मात्र वडील सांभाळायचे.

वडिलांकडे शिकायला आलेल्या रोबर्ट शुमान या संगीतकाराशी तिला लग्न करायचं होतं. वडिलांनी साफ नकार दिला. पुढे अटी घातल्या, त्यातली एक अशी की सात वर्षांत तिने मिळवलेला पैसा तिने भावांना द्यावा. वाजवणारे हात तिचे, पैसा भावांचा. १८३९ साली वडिलांविनाच ती पॅरिसला गेली आणि तिथले कार्यक्रम तिने स्वतः ठरवले. त्याच वर्षी क्लारा आणि रोबर्ट कोर्टात गेले. निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि १२ सप्टेंबर १८४० रोजी लग्न झालं. दुसऱ्या दिवशी तिला एकविसावं वर्ष पूर्ण झालं.

लग्नानंतर वही बदलली. नवरा-बायकोने एकच रोजनिशी आळीपाळीने लिहायची असं ठरलं. रोबर्टचं तिच्यावर प्रेम होतं यात शंका नाही. त्याने दोघांची गाणी एकत्र छापली. बारातली तीन तिची होती, पण कोणतं गाणं कोणाचं हे पुस्तकात सांगितलंच नव्हतं. आणि घरात तो रचना करत बसला की क्लाराने पियानोला हात लावायचा नाही, कारण भिंती पातळ. जगभर नाव झालेली बाई आपल्याच घरात सरावासाठी वेळ शोधत होती.

त्यात बाळंतपणं. आठ मुलं झाली. तरी कार्यक्रम थांबले नाहीत, कारण वाजवून ती जे मिळवायची ते घराला लागत होतं. अर्थात ती दौऱ्यावर जायची तेव्हा घरी मुलं सांभाळायला कामाच्या बाया असायच्या. त्यांचे कष्टही या गोष्टीत धरायला हवेत. १८४९ साली ड्रेस्डेन शहरात दंगा उसळला. नवऱ्याला आधी सुरक्षित जागी पोचवून, सात महिन्यांची गरोदर क्लारा मागे राहिलेली मुलं आणायला परत शहरात गेली आणि त्यांना घेऊन आली.

१८५४ साली रोबर्टचं मन पार ढासळलं. त्याने ऱ्हाईन नदीत उडी घेतली. लोकांनी वाचवलं, पण पुढची अडीच वर्षं तो बॉनजवळच्या मनोरुग्णालयात राहिला. डॉक्टरांनी क्लाराला भेटू दिलं नाही. शेवटची भेट झाली आणि दोन दिवसांनी तो गेला. तो रुग्णालयात असतानाच धाकटा मुलगा जन्मला होता.

मदतीसाठी पैसे गोळा करायची तयारी मित्रांनी दाखवली. क्लाराने नाही म्हटलं. ती पुन्हा दौऱ्यावर निघाली. मागे घर बघायला योहानेस ब्राम्स हा तरुण संगीतकार होता. त्या दोघांविषयी लोक आजही कुजबुजतात. आम्हाला त्याने लिहून ठेवलेल्या घरखर्चाच्या वहीत जास्त रस वाटला. क्लारा कमवायची आणि तो खर्च टिपायचा!

पुढची पस्तीस वर्षं ती वाजवत राहिली. गावाला पत्र घालणं, सभागृह बघणं, तिकिटं, पियानोची सोय, बरंचसं काम तीच करायची. १,३०० च्या आसपास कार्यक्रमपत्रिका तिने जपून ठेवल्या, त्या आजही आहेत. आठांपैकी चार मुलं तिच्या डोळ्यांदेखत गेली, एक मुलगा मनोरुग्णालयात होता, एका मुलाच्या मागे नातवंडांचा खर्च तिच्यावर आला. १८७८ साली फ्रँकफर्टच्या संगीत विद्यालयात ती शिकवू लागली. तिथली पियानोची पहिली स्त्री-शिक्षिका तीच. दोन मुली हाताखाली होत्या.

एक गोष्ट मात्र आम्हाला खुपते. रोबर्टच्या रचना तिने देशोदेशी वाजवल्या, छापवून घेतल्या. स्वतः मात्र त्याच्यानंतर जवळजवळ काहीच रचलं नाही. विशीतच तिने रोजनिशीत लिहून ठेवलं होतं की बाईने रचना करायची इच्छा धरू नये. तोवर तिच्या अनेक रचना छापूनही झाल्या होत्या. या वेळी वही तिची होती, हातही तिचाच. पण ती समजूत कोणाची होती? ती कमावती होती, म्हणून घर तिच्या शब्दावर चालत होतं. तेवढ्याने ही समजूत सुटली नाही.

पियानो, व्हायोलिन आणि चेलो अशा तीन वाद्यांसाठी तिने १८४६ साली एक रचना केली होती. नवऱ्याची तशीच रचना ऐकल्यावर तिला आपली फार बायकी वाटली. क्लारा १८९६ साली गेली. बॉनमध्ये रोबर्टशेजारी तिचं थडगं आहे. १९९० पासून युरो येईपर्यंत जर्मनीच्या शंभर मार्कांच्या नोटेवर तिचा चेहरा होता, मागच्या बाजूला पियानो. तिची ती बायकी रचना आज ठिकठिकाणी वाजवली जाते. त्यातला थोडा भाग आता ऐकू या.