अर्धलीची शेळी

मागच्या महिन्यात भांडगावला गेलो होतो. जेवण झाल्यावर पुतण्याने शेळीपालनाच्या कराराचा कागद पुढे ठेवला. "काका, एकदा वाचा, मग सही करतो." कंपनी जातिवंत शेळ्या देणार, याने गोठा बांधून त्या सांभाळायच्या, करडे कंपनीच ठरल्या भावाने परत घेणार. वाचता वाचता आजीची अर्धल आठवली.

शहरातल्या मंडळींसाठी सांगतो. ज्याच्याकडे चार पैसे आहेत त्याने शेळी घ्यायची आणि दुसऱ्याकडे राखायला द्यायची, ही अर्धल. शेळी मालकाची, दूध राखणाऱ्याचे, करडे निम्मी निम्मी. आजीच्या दोन शेळ्या गावातल्या एका बाईंकडे अशाच होत्या. शेळी आजाराने मेली तर नुकसान आजीचे. त्या बाईंचे कष्ट वाया जात, पण डोक्यावर कर्ज होत नसे. आणि बोकड विकायला कुणाच्या शब्दाची गरज नव्हती. चाकणचा बाजार होताच.

अर्धल फार गोड होती असे नाही. कष्ट एकीचे आणि अर्धी करडे दुसरीची, हे मला आजही खटकते.

पुढे दिवस बदलले. दौंड तालुक्यात खडकवासल्याच्या कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला, चरायला रान कमी झाले आणि बंदिस्त शेळीपालनाची चर्चा सुरू झाली. उस्मानाबादी, संगमनेरी या आपल्या जाती होत्याच. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर जातीशी स्थानिक शेळ्यांचा संकर करण्याचे काम केले. काम चांगलेच. पण जातिवंत जनावराचा भाव मटणाच्या हिशेबाने ठरत नाही. पैदाशीसाठी नवे गिऱ्हाईक येत राहते तोवरच तो टिकतो.

हे आपण पाहिले आहे. २०१२ मध्ये तमिळनाडूत इमूपालनाच्या योजना कोसळल्या. २०१९ मध्ये सांगली भागात कडकनाथ कोंबड्यांचे तेच झाले. दोन्हीकडे पक्ष्यांसाठी पैसे शेतकऱ्याने आधी भरले होते आणि माल परत घेण्याचे फक्त आश्वासन होते. कंपनीने हात वर केले तेव्हा पक्षी दारात आणि खाद्याचा खर्च रोजचा.

याउलट ब्रॉयलर कोंबड्यांचा करार बघा. त्यातही तक्रारी पुष्कळ आहेत. पण पिल्ले, खाद्य, औषध कंपनीचे. शेतकऱ्याची शेड, वीज आणि मेहनत. वजनावर संगोपनाचा मोबदला. पक्षी कंपनीच्या मालकीचा, म्हणून तो जगावा ही गरज कंपनीलाही. थोडक्यात, अर्धलीचाच चुलतभाऊ.

पुतण्याला मी एवढेच विचारले, "शेळी कुणाची?" कागदात बघितले. शेळ्यांची किंमत त्याने कर्ज काढून आधी भरायची, मेली तर त्याची, आणि करडे बाहेर विकायला बंदी! म्हणजे आजीचा धोकाही याच्याकडे आणि राखणाऱ्या बाईंचे कष्टही याच्याकडेच.

सही सध्या थांबली आहे. शेळ्या कंपनीच्या मालकीच्या राहतील, निदान करडे बाजारात विकायची मोकळीक मिळेल, असे बदलून मागायचे ठरले आहे. नाहीतर घरच्या चार शेळ्यांपासून सुरुवात. वहिनी जरा रागावल्या आहेत, पोराचा उत्साह घालवला म्हणून. असो. पुढे काय होते ते कळवीनच.