जुल्फा येथील खाचकार : एका नष्ट साधनाचा विचार

अरस नदीच्या उत्तर तीरावर, नखिचेवान प्रांतात, जुन्या जुल्फा नगराची आर्मेनियन दफनभूमी होती. ‘होती’ हे क्रियापद येथे हेतुपुरस्सर योजिले आहे.

शाह अब्बासने १६०४-०५ मध्ये हे समृद्ध व्यापारी नगर उजाड करून तेथील रहिवाशांना इराणात नेले व इस्फहानजवळ नवे जुल्फा वसविले. सुरतेस पेढ्या चालविणारे आर्मेनियन व्यापारी मुख्यतः याच वसाहतीचे. आपल्या अभ्यासकांना जुल्फा हे नाव ठाऊक असते ते त्यांच्यामुळे. मागे राहिल्या त्या पूर्वजांच्या समाधिशिळा. खाचकार म्हणजे क्रूस कोरलेली उभी शिळा. जुल्फाच्या शिळा उंच व अरुंद, बहुतांशी पंधराव्या-सोळाव्या शतकांतील. त्यांवरील जाळीदार नक्षी ही एका स्वतंत्र शिल्पपरंपरेची साक्ष होय. १६४८ मध्ये आलेक्सांद्र द ऱ्होद या प्रवाशाने त्यांची संख्या दहा हजार सांगितली आहे. प्रवाशांच्या आकड्यांवर फार विसंबू नये हे खरे. तथापि १९७० नंतरच्या दशकातही सुमारे २,७०० शिळा उभ्या होत्या.

१९९८ मध्ये शिळा उपटण्यास आरंभ झाला. युनेस्कोने लक्ष घातल्यावर काम थांबले, परंतु २००२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. डिसेंबर २००५ मध्ये सैनिक घणांनी शिळा फोडून नदीत टाकीत असल्याचे चित्रण पैलतीरावरून, इराणच्या हद्दीतून, करण्यात आले. पुढे त्या जागी गोळीबाराचे मैदान झाले. अझरबैजान सरकारने हा विध्वंस नाकारला. मात्र २००६ मध्ये युरोपीय संसदेच्या शिष्टमंडळास तेथे जाऊ दिले नाही. २००३ व २००९ मधील उपग्रहचित्रांची तुलना करून अमेरिकेतील विज्ञानसंस्थेने २०१० मध्ये जमीन सपाट झाल्याचे दाखविले. त्याच वर्षी युनेस्कोने खाचकार कोरण्याची कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट केली, हा योगायोग विषण्ण करणारा आहे.

शिलालेखाचे अस्तित्व हाच ज्या प्रदेशातील वस्तीचा पुरावा, तेथे शिळा फोडणे म्हणजे दप्तर जाळणे. आर्मेनियनांची तेथे वस्तीच नव्हती असे प्रतिपादन अधिकृतपणे केले जाते, तेव्हा या कृतीचा हेतू निराळा शोधावा लागत नाही. नखिचेवानचेच रहिवासी अर्गाम आयवाझ्यान यांनी १९६४ पासून सुमारे दोन तपे, बव्हंशी गुप्तपणे, या अवशेषांची छायाचित्रे घेतली. ती आणि पूर्वीच एच्मियाद्झिन येथे हलविलेल्या मोजक्या शिळा ही आज हाती असलेली महत्त्वाची साधने होत. शिळेची जी बाजू कोणत्याही छायाचित्रात आली नाही, ती यापुढे वाचता येणार नाही.