मळीतले यीस्ट

एका लेखकाने कोल्हापूरच्या साखर कारखान्यांत मळी आंबवणारे यीस्ट आणि जनुकशास्त्रज्ञांचे यीस्ट वेगळे मानले आहे. ते पटत नाही. दोन्ही एकाच जातीची, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. मळीतली साखर पेशीबाहेरच फोडणारे इन्व्हर्टेज बनवते ते ‘एसयूसी२’ जनुक. भरपूर ग्लुकोज मिळताच ते कसे थंडावते, यावरून जनुकांच्या नियंत्रणाचे केवढे तरी ज्ञान हाती आले. डिस्टिलरीतल्या वाणांत गुणसूत्रांचे संच अनेकदा जास्त असतात, हा आक्षेप खरा. पण १९९६ साली पूर्ण झालेला १६ गुणसूत्रांचा, सुमारे ६,००० जनुकांचा नकाशा त्यांनाही बहुतांशी लागू पडतो. शिवाय प्रयोगशाळेतल्या प्रमाण वाणाचा मुख्य पूर्वजही १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या सडक्या अंजिरावरच सापडला होता.