परभणी जिल्ह्यातील संगणकशिक्षण: डॉस ते देवनागरी

संगणकाची मेमरी, प्रोसेसर, फायली आणि कीबोर्ड-प्रिंटरसारखी साधने यांचा कारभार पाहणारी मूलभूत प्रणाली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. परभणी जिल्ह्यातील सामान्य विद्यार्थ्याला तिची ओळख पुस्तकी व्याख्येपेक्षा संगणकवर्गातील सरावातून अधिक झाली.

सुरुवातीच्या वर्गांत डॉस शिकवले जाई. ही प्रणाली १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर आली. काळ्या पडद्यावर ‘डीआयआर’ टाइप केले की फायलींची यादी उमटे. ‘सीडी’ने दुसऱ्या डिरेक्टरीत जाता येई. एक अक्षर चुकले तरी आज्ञा नाकारली जाई. पाठांतर फार करावे लागे, पण फाइल नेमकी कुठे आहे आणि तिथवरचा मार्ग कोणता, हे डोक्यात पक्के बसे.

विंडोजने आज्ञांची जागा चित्रांना आणि माउसला दिली. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले. त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे हे शिक्षण जिंतूर, सेलू, गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावांत पोहोचले. अनेक सरकारी पदांसाठी हे प्रमाणपत्र आवश्यक ठरल्याने नोकरी शोधणारे तरुण आणि नोकरीतले कर्मचारी दोघेही वर्गात आले.

त्याच दशकात मराठवाड्याने दीर्घ भारनियमन सोसले. वीज गेली की सेव्ह न केलेले काम नाहीसे होई, कारण ते फक्त मेमरीत असे. डिस्कवर लिहिलेलेच टिके. वीज आल्यावर विंडोज आधी डिस्क तपासायला घेई, कारण अर्धवट लिहिलेल्या नोंदींत विसंगती राहिलेली असू शके. ‘शटडाउन’ का करायचे, याचे उत्तर या अनुभवातच होते.

मराठीचा प्रश्न वेगळा होता. डॉसला देवनागरी येत नव्हती. पुण्याच्या सी-डॅक या संशोधन संस्थेने भारतीय लिप्यांसाठीचे जिस्ट कार्ड देऊन ती उणीव भरली. पुढे विंडोजवर खास फॉन्ट आले, पण त्यांत लिहिलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की मराठीऐवजी निरर्थक रोमन अक्षरे दिसत. विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरीची सोय प्रणालीतच आली. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक असतो, त्यामुळे परभणीत लिहिलेला मजकूर मुंबईतही तसाच वाचता येऊ लागला.